दोष बंदुकीत की काडतुसात?

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळात नवीन आलेली जोडपी ओळख करून घेताना विचारतात, "काकू, तुम्ही इथे जॉब करायचात का?" मी म्हणते, "हो, बंदुकीच्या दुकानात." मग बायको नवऱ्याकडे बघते, नवरा माझ्या हातातल्या साबुदाण्याच्या खिचडीकडे बघतो, आणि दोघं मिळून पार्किंगचा विषय काढतात. पूर्वी मला याचा राग यायचा. आता मी मुद्दामच ते उत्तर देते आणि गंमत बघते.

खरं म्हणजे मी आजवर कुठल्याही जिवावर गोळी झाडलेली नाही. घरात झुरळ निघालं तर मी वसंतरावांना हाक मारते. वसंतराव म्हणजे माझे यजमान. एरवी जन्मभर त्यांना ‘अहो’ म्हणत आले, नाव घ्यायची मोकळीक फक्त लेखात मिळते, ती मी सोडणार नाही.

माझं शिक्षण रसायनशास्त्रातलं. त्या जोरावर महाराष्ट्रातल्या एका सरकारी दारूगोळा कारखान्यात तपासनीस म्हणून लागले आणि ऐन तारुण्य तिथेच घालवलं. काडतूस म्हणजे चार जणांचा संसार असतो. एक पितळी कोश, त्यात दारू, तोंडाशी बसवलेली गोळी, आणि बुडाशी एका खळग्यात दाबलेली मसुराएवढी धातूची टोपी. इथले लोक तिला प्राइमर म्हणतात, आम्ही टोपीच म्हणायचो. बंदुकीतली पिन टोपीवर आपटते, टोपीत ठिणगी पडते, ठिणगीने दारू पेटते आणि दारू गोळीला ढकलून देते. बघणाऱ्याला गोळी दिसते, पण सगळा भार त्या मसुराएवढ्या टोपीवर असतो.

आमच्या विभागात बहुतेक बायकाच होत्या. टोप्या बसवायच्या, तपासायच्या, पास किंवा नापास करायच्या. चाचणीची रेंज शेडला लागूनच होती, त्यामुळे दिवसभर ठो ठो चालू असायचं. कानात कापूस घालायचा नियम होता. पण कापूस घातला की गप्पा ऐकू येत नसत, आणि आमच्या विभागात गप्पा फार चांगल्या होत्या. म्हणून आम्ही सगळ्या जणी कापसाचे बोळे कानामागे खोचायचो आणि साहेब दिसले की आत ढकलायचो.

थोरले दीर अमेरिकेत डॉक्टर. त्यांनी फार पूर्वी भरलेला आमचा अर्ज अखेर फळाला आला आणि २००१ मध्ये आम्ही ग्रीन कार्डावर नॉर्थ कॅरोलिनात आलो. वसंतरावांना एका भारतीय किराणा दुकानात हिशेबाचं काम मिळालं. मी घरात बसून भिंती बघत होते. एकदा दिरांच्या दवाखान्यात डेल नावाचा एक पेशंट आला. शिकारीच्या सामानाचं आणि बंदुकांचं दुकान चालवायचा. दिरांनी सहज म्हटलं, "माझी भावजय काडतुसांच्या कारखान्यात होती." दुसऱ्या दिवशी डेलचा फोन आला. मी साडी नेसून मुलाखतीला गेले. त्याने माझ्यासमोर एक न पेटलेलं काडतूस ठेवलं आणि नुसतं बघत राहिला. मी बूड उजेडाकडे धरलं, टोपीवरचा खड्डा पाहिला आणि विचारलं, "बंदुकीला एवढं ग्रीस कोणी फासलं आहे?" डेल गालातल्या गालात हसला. ते त्याने स्वतःच फासलं होतं, आणि थंडीत ते घट्ट होऊन पिनची गती मेली होती.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. अमेरिकेत बरेच शिकारी आणि नेमबाज काडतुसं घरी भरतात. दुकानात बाटलीतलं लोणचं मिळतं म्हणून घरी घालायचं कोणी सोडत नाही, तसंच. झाडलेले पितळी कोश गोळा करायचे, साफ करायचे, पुन्हा मापात आणायचे, नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची आणि गोळी बसवायची. गराजमध्ये एक टेबल असतं आणि त्या टेबलाला घरधन्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. लोणचं बिघडलं तर बुरशी येते. काडतूस बिघडलं की ट्रिगर ओढल्यावर नुसतं ‘टिक’ होतं आणि समोरचं हरीण निवांत निघून जातं. असे फुसके बार घेऊन लोक दुकानात यायचे. डेलने मला कोपऱ्यात एक काचेचं टेबल दिलं आणि माझं नाव आखडून मी तिथली ‘मिस सुला’ झाले. इकडे मोठ्या बाईला नावाआधी मिस लावून हाक मारतात, आपल्या ताईसारखं.

फुसक्या बाराचं दुखणं शोधायची रीत साधी आहे. पहिला प्रश्न एकच, दोष बंदुकीत की काडतुसात? टोपीवरचा खड्डा उथळ असेल तर संशय बंदुकीवर. पिनला ढकलणारी स्प्रिंग थकली असेल, ग्रीस गोठलं असेल. खड्डा चांगला खोल असून पेटलं नसेल तर टोपी मेलेली, तेलाने किंवा ओलाव्याने. आणि तेच काडतूस दुसऱ्या ठोक्याला पेटलं, तर टोपी तळाला टेकलेली नव्हती. पहिल्या ठोक्याची सगळी ताकद तिला आत ढकलण्यातच गेली. अर्थात दुसरा ठोका द्यायच्या आधी नळी निशाण्याकडेच धरून अर्धा मिनिट गप्प उभं राहायचं असतं. काही काडतुसं उशिरा पेटतात. घाईने उघडून आत डोकावणारा माणूस कायमचा पस्तावतो.

गिऱ्हाईक मात्र कधीच साधं नसायचं. प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मिस सुला, मी सगळं पुस्तकात दिल्याप्रमाणे केलंय." मी मान डोलवायचे. कारखान्यातून जाणाऱ्या पेट्यांचं पुढे काय होई, ते कुणावर चालत, हे मला कधी कळलं नाही, आणि ते मनात कायम टोचत राहिलं. इथे निदान काडतुसामागचा माणूस समोर स्टुलावर बसलेला असायचा.

एकदा एक आपलाच मुलगा आला. निखिल, नागपूरचा, सॉफ्टवेअरमध्ये. मला बघून त्याचा चेहराच उतरला.

"काकू, तुम्ही इथे? प्लीज, मंडळात कोणाला सांगू नका हं. ऑफिसच्या लोकांबरोबर रेंजवर जातो, बस. ग्रीन कार्ड आलं म्हणून लास्ट इयर रायफल घेतली."

"काय झालंय ते दाखव आधी."

त्याचं काडतूस पेटलं होतं पण फुस्स करून. गोळी नळीतच अडकली होती. नशीब त्याचं की पुढची झाडली नाही, नाहीतर नळी फुटली असती. मी त्याच्याकडचा एक रिकामा कोश नाकाशी नेला. माझ्या नाकाला देवघराची आठवण झाली.

"निखिल, हे कशाने घासलंस?"

"चिंचेने," तो म्हणाला. "आईला फोनवर विचारलं, पितळ चकचकीत कसं करतात. तिने सांगितलं, चिंच आणि मीठ. मस्त क्लीन झाले, काकू. पण आतून ओले राहिले बहुतेक."

"बहुतेक नाही, राहिलेच. दारूला पाणी पाजलंस तू. आणि चिंच पितळ खाते, तिला या कामापासून लांबच ठेवायची. आईला सांगितलंस का, कशासाठी हवं होतं ते?"

"नाही ना. तिला वाटलं मी देवपूजा सुरू केली. इतकी खूश झाली ती. रडलीच. आता कसं सांगू, तुम्हीच सांगा."

पुढच्या गणपतीला त्याच्या आईने नागपूरहून समई पाठवली, आणि ती तो रोज लावतो असं ऐकलं. म्हणजे चिंच अगदीच वाया गेली नाही.

तर असं माझं बरं चाललं होतं. तक्रार एकच, इथले लोक बोलतात फार लांबवून आणि तोंडातल्या तोंडात. मला सारखं "पुन्हा सांगा" म्हणावं लागायचं. पाच वर्षं झाली तरी कानाला सवय होईना. मंडळातली मुलंसुद्धा तशीच पुटपुटायला लागली होती.

घरी वसंतरावांनी वेगळाच ताप आणला होता. त्यांना फोन बदलायचं वेड लागलं होतं. इथे वस्तू आवडली नाही की परत करता येते, आणि त्या सोयीचा त्यांनी पुरेपूर लाभ घेतला. एका फोनचा आवाज बारीक, दुसरा खरखरतो, तिसऱ्याला स्पीकर आहे पण तो कामाचा नाही. पुण्याहून आमच्या मुलीचा, अनघाचा फोन आला की हे स्वतः आधी घेणार आणि तिला सांगणार, "अगं, लाईन खराब आहे, आईशी जरा मोठ्याने बोल." टीव्हीलाही त्यांनी वेगळे स्पीकर जोडले. मी चिडायचे. म्हणायचे, "अहो, जगाचे फोन चालतात, आपल्याच घरात सगळे नासके कसे येतात?" ते खोका बांधायला घेत.

आता हॅरल्डची गोष्ट सांगते, कारण ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

हॅरल्ड आमचं जुनं गिऱ्हाईक. लाकूडकामाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, पंजे फावड्याएवढे. २००६च्या शरदात, हरणाच्या शिकारीच्या हंगामाच्या तोंडावर तो रायफल आणि फुसक्या काडतुसांची एक पिशवी घेऊन आला. म्हणाला, "स्प्रिंग थकली असणार." खड्डे थोडे उथळ होते, त्यामुळे डेलने स्प्रिंग बदलून दिली. आठवड्याने हॅरल्ड परत आला. "मग टोप्याच खराब आहेत." त्याला दुसऱ्या बनावटीच्या दिल्या. पुन्हा आला. या वेळी म्हणाला पिनच बदला. डेल वैतागला आणि त्याला माझ्या टेबलाकडे पाठवून दिलं.

मी विचारलं, "दुसऱ्या ठोक्याला पेटतात?"

हॅरल्ड म्हणाला, "कधी कधी."

"कधी कधी की नेहमी?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नेहमी."

मला तेव्हाच कळलं. पण झाडलेल्या काडतुसावरून ते दाखवता येत नाही, ठोक्याने टोपी आत गेलेली असते. मी त्याच्याकडची न झाडलेली मागून घेतली आणि एकेक करून काचेवर उभी केली. टोपी तळाला टेकलेली असली की काडतूस काचेवर शिपायासारखं ताठ राहतं. टोपी किंचित वर राहिली असेल तर ते डुगडुगतं. हॅरल्डची पुष्कळ काडतुसं डुगडुगत होती.

"हॅरल्ड, टोप्या तू बसवतोस?"

मग त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली, डोक्यावरची.

"डॉटी बसवते," तो म्हणाला. "लग्न झालं तेव्हापासून. माझ्या या हातांना काही कळत नाही, मिस सुला. टोपी टेकली की नाही हे तिला कळतं. ती व्हरांड्यात बसते, रेडिओ लावते आणि हातातल्या चिमट्याने एकेक टोपी दाबते. मी फक्त दारू आणि गोळी बघतो. अख्ख्या काउंटीत आमच्यासारखी काडतुसं कुणाची नव्हती."

डॉटी त्याची बायको. तिला संधिवात होता हे मला माहीत होतं. तिने चर्चमधला पियानो सोडला होता, गोधड्या शिवणं सोडलं होतं, पीठ मळणं सोडलं होतं. हॅरल्ड म्हणाला, "आता हे एवढंच राहिलंय तिच्याकडे. ती अजून मला विचारते, ‘कशी चालली रे माझी?’ मी सांगतो, एक नंबर."

मग मला उलगडलं. स्प्रिंग बदलली, टोप्या बदलल्या, पिन बदलायला निघाला, हे सगळं त्या माणसाने मूर्खपणाने केलं नव्हतं. दोष कुठे आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं. तो दोष बंदुकीत निघावा म्हणून तो जंग जंग पछाडत होता. मी उगाच काच पुसायला घेतली.

"तुम्ही इथे गुपचूप या टोप्या आत दाबून द्याल का?" त्याने विचारलं. "तिला कळायला नको."

"भरलेल्या काडतुसाची टोपी कोणीही दाबायची नसते, हॅरल्ड. हातात फुटेल. हे सगळं उलगडावं लागेल, गोळी काढून, दारू काढून. आणि आज दुसऱ्या ठोक्याला पेटतंय, उद्या तू बंदूक उघडताना पेटलं तर? डॉटीला मग काय सांगायचं?"

तो उठला आणि पिशवी उचलून निघून गेला. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा येणार नाही. दोन-तीन दिवस माझं कामात लक्ष नव्हतं. काडतूस दुरुस्त करणं मला येत होतं. पण इथे काडतूस सुधारलं की डॉटीचं शेवटचं काम जाणार होतं, आणि नाही सुधारलं तर हॅरल्डचे डोळे जाण्याची भीती होती.

शनिवारी दोघं एकत्र आले. शिकारीचा परवाना इथे दुकानातच मिळतो, तो घ्यायला हॅरल्ड डेलकडे गेला आणि डॉटी थेट माझ्यासमोर येऊन बसली. लहानखुरी, नीटनेटकी बाई. बोटांचे सांधे सुपारीएवढे झालेले. तिने पर्समधून तीन-चार काडतुसं काढून टेबलावर ठेवली.

"हॅरल्डला खोटं बोलता येत नाही," ती म्हणाली. मला ऐकू जावं म्हणून ती पुढे वाकली होती. "व्हरांड्यात बसून मला सगळं कळतं. तो मागच्या शेतात निशाणा धरतो, मी आवाजाची वाट बघते, आणि आवाज येतच नाही. मग बऱ्याच वेळाने येतो. तो म्हणतो स्प्रिंग. माझ्यामुळेच ना, मिस सुला?"

मी तिची काडतुसं काचेवर उभी केली. एक ताठ उभं राहिलं. बाकीची डुगडुगली. डॉटीने ती बघितली आणि हात मांडीवर ओढून घेतले, कुणी बघू नये असे.

"बरं," ती म्हणाली. "पियानो गेला. सुई गेली. आता हेही."

मला आमच्या कारखान्यातल्या अनसूयाबाई आठवल्या. टोप्या बसवण्यात त्यांच्यासारखा हात कुणाचा नव्हता. मनगट गेलं तेव्हा त्यांना वाटलं आता घरी बसायचं. पण आमच्याकडे अशा बायकांना तपासणीच्या टेबलावर आणायची पद्धत होती. दाबायला जोर लागतो. ओळखायला फक्त बोटाचं टोक लागतं, आणि ज्या बोटाने जन्मभर टोप्या बसवल्या त्याला कोण फसवणार? मी हे सगळं डॉटीला माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं आणि मागच्या खोलीतून टोप्या बसवलेले रिकामे कोश आणले, काही चांगले, काही मुद्दाम टोपी वर ठेवलेले. म्हटलं, "डोळे मीट आणि बुडावरून बोट फिरव. टोपी किंचित आत लागली पाहिजे."

तिने डोळे मिटले. सुजलेल्या सांध्यांचं ते बोट एकेका बुडावरून अलगद फिरू लागलं. एक डावीकडे, एक उजवीकडे, पुन्हा डावीकडे. एका कोशावर ती थांबली, परत बोट फिरवलं आणि तो डावीकडे, नापासांत ठेवला. मला तो चांगला वाटला होता. मी काचेवर उभा केला, अगदी जरासा डुगडुगला.

"हा मी पास केला असता," मी म्हटलं.

डॉटी हसली. त्या दिवसात पहिल्यांदा.

मी तिला पुढचं सांगितलं, "आमच्या कारखान्यात बसवणाऱ्यापेक्षा पास करणारी मोठी. तिने नापास म्हटलं की साहेबसुद्धा ब्र काढत नसे. मी स्वतः तेच काम करायचे."

तेवढ्यात हॅरल्ड परवाना घेऊन आला. टेबलावरची काडतुसं, डॉटीचं बोट, माझा चेहरा, त्याला सगळं एका नजरेत कळलं. तो चोरी पकडल्यासारखा उभा राहिला.

"हॅरल्ड," डॉटी म्हणाली, "घरातली भरलेली सगळी काडतुसं उलगडायची. टोप्या आता तू दाबायच्या. टेबलाला जोडायचं लांब दांड्याचं यंत्र डेलकडून घे, तुझ्या हातांना तेच बरं. दारू घालायच्या आधी प्रत्येक कोश माझ्याकडे आणायचा. मी नापास केला तर वाद घालायचा नाही."

"मी कधी वाद घातलाय?" हॅरल्ड म्हणाला. डॉटीने त्याचा फावड्याएवढा पंजा धरला आणि दोघं दारातून बाहेर पडेपर्यंत सोडला नाही. यंत्र न्यायचं मात्र दोघंही विसरले. डेल ते घेऊन त्यांच्या मागे गाडीपर्यंत पळत गेला.

जाण्यापूर्वी डॉटीने माझ्या घरचा नंबर घेतला होता. "हंगामाच्या आदल्या दिवशी तो निशाणा तपासतो," ती म्हणाली होती. "तुला ऐकवीन."

त्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारी मी स्वयंपाकघरात चकल्या तळत होते. वसंतराव आत आले, "अगं, डॉटीचा फोन आहे." हल्ली ते फोन मला द्यायच्या आधीच स्पीकर लावून ओट्यावर ठेवत. हा फोन त्यांनी त्याच आठवड्यात आणलेला होता. मी गॅस बंद केला.

डॉटी मोठ्याने म्हणाली, "मिस सुला, मी व्हरांड्यात आहे. हॅरल्ड शेतात आहे. आता ऐक." तिने बहुतेक फोन शेताच्या दिशेने धरला असावा. मी श्वास रोखून ओट्यावर वाकले. कारखान्यात वर्षानुवर्षं ठो ठो ऐकलं, पण एका गोळीच्या आवाजासाठी असा जीव टांगणीला कधी लागला नव्हता. मी वाट बघत राहिले. काहीच येईना. मनात आलं, पुन्हा पहिला ठोका फुकट गेला. आता डॉटीला काय वाटत असेल?

मी वसंतरावांकडे बघितलं. ते दाराजवळ उभे होते, ओट्यापासून चांगले लांब, आणि त्यांचा चेहरा खुलला होता.

"नाही ना झालं?" मी विचारलं.

"अगं, झालं की," ते म्हणाले. "ठणठणीत वाजलं. परत वाजलं बघ. आणि परत. एकदाही अडकलं नाही." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि घाईघाईने म्हणाले, "ह्या फोनचा स्पीकरच बरा नाही. मी उद्याच परत करतो."

मी फोनकडे बघितलं. नवा कोरा होता. मला आधीचे सगळे फोन आठवले, त्यांचे बांधलेले खोके आठवले, टीव्हीचे स्पीकर, "आईशी जरा मोठ्याने बोल", माझ्यापुढे वाकून बोलणारी डॉटी, पुटपुटणारी मंडळातली मुलं, आणि कानामागे खोचलेला कापूस. हॅरल्डची नवी स्प्रिंग आणि नव्या टोप्या आठवल्या. मी दुसऱ्यांचे दोष शोधण्यात इतकी वर्षं घालवली, आणि माझ्या घरातला हा माणूस माझ्यासाठी दोष फोनमध्ये शोधत होता.

ओट्यावरून डॉटी विचारत होती, "ऐकलंस का? मिस सुला, ऐकलंस?" तेवढं मला ऐकू आलं. मी म्हटलं, "ऐकलं, डॉटी. पहिल्याच ठोक्याला. सगळी पास." तिने फोन ठेवला. वसंतराव खालच्या कपाटातून फोनचा खोका काढायला वाकले होते.

"अहो," मी म्हटलं, "राहू द्या. फोन चांगला आहे."

ते खोका हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग त्यांनी तो कपाटात परत ठेवला, माझ्याजवळ आले आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "माहीत आहे मला."